दुसरा जोडीदार

स्वरूपा कच्छवेचा पहिला जोडीदार दहावीनंतर कोट्याला गेला,
डॉक्टर व्हायला.
मी दुसरा.
तिसरा नांदेडचा हरमीत. पदक त्याच्यासोबतचं,
पेपरातला फोटोही.

आमची फरशी वसमत रोडच्या मंगल कार्यालयाची.
बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली,
नाहीतर मुजाहिद सरांच्या मोबाइलवर,
तिथं एक जर्मन जोडी
पांढऱ्या काचेवरून न बोलता फिरायची.
सर म्हणायचे, बघा, फेकतो तिला,
पण नजर सोडत नाही.
जगात जर्मनी, भारतात...
उरलेला शब्द आम्ही ओरडायचो
आणि पत्र्यावरची कबुतरं उडायची.

तिथी असली की सराव बंद.
तिथीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला
आधी झाडू, मग स्केट्स.
अक्षता कितीही झाडा,
एखादा दाणा राहतोच सांधीत,
कुंकवानं लालसर, वाळून टणक.
आचारी चहा देताना विचारायचा,
काय हो, ह्या जोडीची तारीख कोणती धरली?
ती खाली वाकून लेस आवळायची.
मी हसायचो. काहून हसायचो, कोण जाणे.

उचलणाऱ्याला कुणी बघत नाही.
तक्रार नाही ही, कामच तसलं.
मला दिसायचा छताचा पंखा,
तिची हनुवटी,
आणि तिला भीती वाटली
की माझ्या तळव्याला आधी कळायचं.
वहीत मी तिचं वजन लिहायचो, दर रविवारी.
बेचाळीस. बेचाळीस. साडेत्रेचाळीस.
ती वही तिच्या आईनं पाहिली
आणि डब्यातली एक पोळी कमी केली.
हे मला पाच वर्षांनी कळलं,
तेही हरमीतकडून.

विशाखापट्टणमला नववे.
बेळगावला सहावे.
मोहालीला चौथे, शून्य पूर्णांक चारनं.
परभणी नेमकी कुठं, एका पंचानं विचारलं.
सरांनी तीच म्हण ऐकवली.
पंच मनापासून हसला.
गुण तेवढेच राहिले.

मग ते वर्ष.
निवड चाचणीला आठ दिवस होते.
मी तिला फेकलं, बरोबर फेकलं,
आजही शपथेवर सांगतो.
दोन गिरक्या पुऱ्या झाल्या, ती उतरली,
उजव्या पायाचं पुढचं चाक दाण्यावर गेलं.
आवाज लहान होता,
भुईमुगाची शेंग फोडल्याएवढा.

सात महिने घोटा प्लास्टर आणि पट्ट्यांत.
तोवर मी कृषी विद्यापीठात रोजंदारीला लागलो,
बियाण्याच्या पिशव्या मोजायच्या, रचायच्या.
तीस किलोची पिशवी मी एका झटक्यात डोक्यावर घेतो.
ती परत आली, उचलायला गेलो,
तळवे ओले.
सर म्हणाले, घे जरा दम.
सोमवारपासून येतो, म्हणालो मी.
त्या सोमवारी कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो होतो,
सायकलीवरून उतरलो नाही.
आतून चाकांचा आवाज येत होता, एकटीचा.

चंदीगडची स्पर्धा मी गोदामात बसून पाहिली,
मोबाइल पिशवीला टेकवून.
हरमीत चांगला आहे. खांदे माझ्यापेक्षा रुंद.
फेकताना तिनं डोळे मिटले नाहीत.
माझ्यासोबत मिटायची का?
मला कधी दिसलंच नाही, मी पंखा बघायचो.

परवा त्याच हॉलात मावसभावाचं लग्न होतं.
फरशी नवी घातलीय, गुळगुळीत, बिनसांध्याची वाटावी अशी.
मंगलाष्टकं संपत आली.
सावधान, म्हणाले गुरुजी,
आणि सगळ्यांचे हात वर गेले.
शेजारच्या मामी कोपरानं ढोसत राहिल्या,
अरे टाक की, माणिक, टाक.

घरी येऊन पँट खुंटीला लावली
तेव्हा खिशातून सांडले,
मी खाली बसून वेचले.
एक कॉटखाली गेला. तो अजून सापडला नाही.